घनचक्करचं तेल

२ फेब्रुवारी

धाकट्या,

वरती 'अनेक आशीर्वाद' असं लिहिलं होतं, ते खोडलं. अकरा वर्षं तोंड न दाखवलेल्या भावाने पहिल्याच ओळीत आशीर्वाद द्यायचे म्हणजे जरा अतीच. खोडलेलं तुला दिसेलच, तेवढं गोड मानून घे.

तुझा पत्ता तुझ्या त्या चष्म्याच्या दुकानवाल्या मित्राकडून मिळवला. त्याच्यावर चिडू नकोस. चांगला चष्मा तीनदा सैल करून त्याच्याकडे घट्ट करायला नेला, तेव्हा कुठे त्याला माझी दया आली. फोन नंबर मात्र दिला नाही. म्हणाला, "पत्र लिहा दादा. पत्र नको असलं तर फाडता येतं. फोन आला की माणूस उचलून बसतो." पोरगा शहाणा आहे.

काम किरकोळ आहे. तुझा तो रंगीत ठोकळा असतो ना, क्यूब, बाबा ज्याला 'घनचक्कर' म्हणायचे, तसल्या एका ठोकळ्याला घालायला तेल हवंय. कुठलं घालायचं ते तुझ्याइतकं इथे कुणाला कळत नाही. ठोकळा जुना आहे. फिरताना कुरकुरतो आणि मध्येच अडतो. फिरवणाऱ्याच्या हातात फारसा जोर नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्यासाठी विचारतोय.

चाळीस शिलाई मशिनांना रोज तेल पाजणारा माणूस मला तेल विचारतोय, असं म्हणून हसशील. हस. विचारतोय खरा.

इकडे सगळं ठीक. मी अजून त्याच कपड्यांच्या कारखान्यात, दुरुस्तीच्या त्याच टेबलावर. बटणांची काजं करायचं मशीन अजून तितकंच नाठाळ आहे. माझे केस गेले आणि पोट आलं. तुझी वहिनी म्हणते, देवाने एकीकडचं काढून दुसरीकडे लावलं. बाबा बरे आहेत. तू विचारलं नाहीस, पण पत्रात लिहायची पद्धत असते म्हणून लिहिलं.

नुसतं तेलाचं नाव कळवलंस तरी चालेल. कार्डावर एक शब्द पुरे.

दादा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

कार्ड आलं नाही. दोन आठवडे रोज जिना उतरून पत्रपेटी बघतोय. तळमजल्यावरच्या काकूंना वाटतं मला नोकरीवरून काढलंय आणि मी अर्ज पाठवत सुटलोय.

खरं सांगतो. ते ओळखीचे गृहस्थ म्हणजे बाबा.

नोव्हेंबरात सकाळी दाढी करता करता खाली बसले. अर्ध्या गालावर साबण तसाच. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचा गेली. अठरा दिवस इस्पितळात होते, आता घरी आहेत, खिडकीजवळच्या खाटेवर. 'बरे आहेत' असं लिहिलं ते खोटं होतं. आजारपण पुढे करून तुला बोलावल्यासारखं होईल, म्हणून लिहिलं नाही. आता करतोच आहे ते.

वाचा अगदीच गेली असंही नाही. एक शब्द उरलाय. 'सुटलं?' पाणी हवं असलं तरी 'सुटलं?' पाय अवघडला तरी 'सुटलं?' काकू बघायला आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "सुटका मागतायत हो बिचारे." मला इतका राग आला की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. त्यांना काय ठाऊक! तुला आठवत असेल. कामावरून आले की चपला काढायच्या आधी तुला विचारायचे, "सुटलं का रे घनचक्कर?" आणि कारखान्यात गंजलेला स्क्रू असो की गुंतलेला दोरा, काहीही मोकळं झालं की अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडायचे, "सुटलं!" बायका शिवणं थांबवून हसायच्या. त्या शब्दावर त्यांचा जन्म गेला. शेवटी तोच शिल्लक राहिला यात काही नवल नाही.

व्यायाम शिकवायला एक बाई येतात. म्हणाल्या, डाव्या हाताला काहीतरी फिरवायला द्या आणि ते उजव्या हातात धरायला लावा, हळूहळू त्यालाही जाग येईल. मी मोठा नट-बोल्ट दिला. बाबांनी टाकून दिला. बरणीचं झाकण दिलं, तेही टाकलं. मग डाव्या हाताने कपाटाकडे बोट करत राहिले. शेवटी सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या सुयांच्या पत्र्याच्या डब्यात सापडला.

तुझा ठोकळा. तोच.

स्पर्धेहून आलास आणि तो मोडका ठोकळा त्यांच्या पायाशी आपटून गेलास, त्याचे तुकडे त्यांनी वेचले होते, हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं. सगळा जोडलाय रे. तडकलेल्या दोन कोपऱ्यांना आतून मशीनचे बारीक स्क्रू घातलेत. एका लाल चौकोनावरचा कागद गेला होता, तिथे लाल कापडाचा तुकडा चिकटवलाय, चारी कडा आत दुमडून. 'खेळणं' याखेरीज त्याला कधी चांगला शब्द दिला नाही त्यांनी. कधी बसून केलं असेल? मी त्याच घरात राहतो आणि मला पत्ता नाही.

आता उजवा हात मांडीवर ठेवतात, बोटं एकेक करून उघडतात, त्यात ठोकळा खोचतात आणि डाव्याने वरचा थर फिरवतात. अर्धा फिरतो आणि अडतो. घामाघूम होतात, पण सोडत नाहीत.

म्हणून तेल. आणि बारा बाटल्या उशाशी असून मी एकीलाही हात लावायला घाबरतोय. का, ते तुला माहीत आहे. निदान तुला वाटतं की माहीत आहे.

दादा


९ मार्च

धाकट्या,

तू उत्तर देत नाहीस, मग मी माझ्या पद्धतीने शोध लावायला घेतलाय.

खेळण्यांच्या दुकानातून एक नवाकोरा स्वस्तातला ठोकळा आणला आणि घरी येऊन मोडला. तुझी वहिनी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "पोरं निदान खेळून मोडतात. तुम्ही तर खेळलासुद्धा नाहीत." मी वाद घातला नाही. त्याचे लांबट तुकडे काढले, एकेकाला दोऱ्याने बांधून किंचित वाकवलं, कारण ताण नसला की कुठलंही तेल सज्जनच वागतं. मग पाच वाट्या खिडकीत मांडल्या. एकीत आपलं मशीनचं पांढरं तेल. एकीत आधी रॉकेलमध्ये बुचकळून मग तेच तेल, म्हणजे आपण मशीन धुतो तसं. एकीत दाराच्या बिजागरीचं. एकीत सिलिकॉनचं, ते हार्डवेअरवाल्याने रबरी पट्ट्यांसाठी म्हणून दिलं. पाचवीत डोक्याचं तेल, तुझ्या वहिनीच्या आग्रहाखातर. तिचं म्हणणं, ज्या घरात डोकी चालत नाहीत तिथे ठोकळा तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी मी जेवत होतो आणि खिडकीतून आवाज आला. 'टक्'. अगदी बारीक, नख तुटल्यासारखा.

रॉकेलची वाटी. तुकडा वाकवलेल्या जागी तडकला होता. चौथ्या दिवशी मशीनच्या तेलातला गेला. बिजागरीचा आठव्या दिवशी. सिलिकॉनमधला अजून होता तसा आहे. डोक्याच्या तेलातलाही शाबूत आहे, पण त्याला असा वास येतोय की बाबा तो हातात धरणार नाहीत.

म्हणजे सिलिकॉन. पण पातळ की घट्ट? हार्डवेअरवाल्याकडचं मधासारखं आहे. त्या स्वस्त ठोकळ्याचे उरलेले तुकडे परत जोडून लावून बघितलं, फिरतो गुळगुळीत पण जोर लागतो. आणि त्या बाटलीवर काय काय मिसळलंय ते भिंग घेऊनही वाचता येत नाही. स्क्रू घातलेल्या त्या कोपऱ्यांवर मी आता अंदाजाने काही टाकणार नाही.

तो 'टक्' आवाज ऐकला आणि मी ताटावरून उठलो. वहिनीने विचारलं काय झालं. मिरची लागली म्हणालो. भाजीत मिरची नव्हती.

मला तुला एक सांगायचंय. कारखान्याची वेळ झाली, तेव्हा आज राहू दे.

दादा


१४ मार्च

धाकट्या,

काल तीन पत्रं फाडली. हे चौथं.

तुझ्या ठोकळ्याला तेल मी घातलं होतं. बाबांनी नाही.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तू केस कापायला गेला होतास, जिंकलास तर फोटो निघेल म्हणून. ठोकळा टेबलावर होता. आठवडाभर तू कुरकुरत होतास की हवा तसा फिरत नाही. मी तो उघडला, सगळे तुकडे रॉकेलमध्ये धुतले, पुसले, प्रत्येक सांध्यात मशीनचं तेल सोडलं आणि परत बसवला. काय फिरत होता! बोट लावलं की पळायचा. सकाळी तू हातात घेतलास आणि म्हणालास, "आज याला काय झालंय, एकदम मोकळा!" मी दाताला ब्रश लावून उभा होतो. जिंकून आलास की सांगणार होतो.

पाच फेऱ्यांपैकी तिसरीत तो तुझ्या हातात फुटला. पहिल्या तिघांना परदेशी पाठवणार होते आणि दोन फेऱ्यांनंतर तू दुसरा होतास. दोन वर्षांची मेहनत. घरी आलास तो तुकडे नाकाशी धरून. मशीनच्या तेलाचा वास. आणि तो वास घरात कुणाच्या अंगाला यायचा? आठवड्यापूर्वी "हे घनचक्कर गटारात टाकून देईन, परीक्षेचं बघ" असं कोण म्हणालं होतं? तू सरळ त्यांच्यासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "तुम्ही केलंत."

बाबांनी तुझ्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बघून त्यांना एका क्षणात कळलं. आणि म्हणाले, "हो. मी केलं."

पुढचं तुला ठाऊक आहे. "आजपासून मला बाप नाही" असं म्हणालास आणि महिन्याभरात घर सोडलंस.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी त्यांना विचारलं, असं का केलंत. ते मशीनखाली डोकं घालून बसले होते. तसेच बोलले. "माझ्याशी अबोला धरेल तर धरू दे. बाप आधी मरतो. भाऊ पुढे लागतो. तू आता तोंड उघडायचं नाहीस." अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की बाबांची आज्ञा आहे. आज्ञा होतीच. पण ती ऐकून मला बरं वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहितो.

अजून एक आहे. तुला वाटेल दादाला माहीत नव्हतं, अडाणीपणाने झालं. तसं नाही. तूच मला सांगितलं होतंस, महिनाभर आधी, जेवताना. "दादा, याला मशीनचं तेल चालत नाही, प्लास्टिक खातं." मी ऐकलं होतं. ऐकून केलं. मला वाटलं, दहा वर्षं तेलात हात माझे आणि हा कालचा पोर मला तेल शिकवतो! सगळे तुझ्या बोटांकडे बघायचे. एकदा तरी तुझ्या जिंकण्यात माझ्या हाताचं काहीतरी असावं असं वाटलं. वाईट व्हावं असं मनात नव्हतं, आईची शपथ. पण ऐकलं होतं.

त्यांच्याकडे फार दिवस नाहीत. डॉक्टर तसं म्हणाले. माझ्यावर हवा तेवढा राग धर, पण त्यांच्यासाठी ये.

दादा


१६ मार्च, त्याच कागदाच्या मागे

हे पत्र अजून टाकलेलं नाही. पाकीट बंद करायच्या आधीच काल तुझं पार्सल आलं.

छोटी बाटली, कापसात गुंडाळलेली. आणि चिठ्ठी. तुझं अक्षर अजून तसंच आहे, 'र' पडल्यासारखा. "पातळ पाठवलंय. घट्ट तेल गुळगुळीत असतं पण हाताला जोर लागतो, त्यांना नको. ठोकळा उघडू नका, फटीतून तीन थेंब. जास्त नाही. मग रिकामा फिरवत राहा." आणि खाली, वेगळ्या पेनने, "बाबांना सांगा, त्या गोष्टीबद्दल मी त्यांना माफ केलं."

मी ती ओळ किती वेळा वाचली सांगू? आधी आनंद झाला. मग लक्षात आलं, आता हे पत्र न पाठवताही भागेल. तू त्यांना माफ केलंस. एक-दोनदा आर्जवं केली की येशीलही. भाऊही राहील आणि बापही राहील. पत्र फाडलं की झालं. दुपारभर ते खिशात घेऊन फिरलो. कारखान्यात एका बाईच्या मशीनला सुई उलटी लावली, तिने जन्मात ऐकवलं नसेल तेवढं मला ऐकवलं.

घरी आलो आणि तीन थेंब घातले. मोजून. ठोकळा मी धरला आणि बाटली वहिनीने. थोडा रिकामा फिरवला आणि बाबांच्या हातात दिला. वरचा थर फिरला. पूर्ण फिरला रे, एका बोटाने. त्यांनी तो परत मागे फिरवला. पुन्हा पुढे. लहान पोरासारखे हसत होते, अर्ध्याच तोंडाने.

मग मी तुझी चिठ्ठी वाचून दाखवली. शेवटची ओळही वाचली. न केलेल्या गुन्ह्याची माफी मी त्यांना वाचून दाखवली. ते ठोकळा फिरवायचे थांबले. माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी बघितलं होतं तसंच, आणि विचारलं, "सुटलं?"

इतके दिवस मी समजत होतो की तो प्रश्न तुझ्यासाठी आहे.

पत्र टाकायला निघालोय.


७ एप्रिल

धाकट्या,

तुला घर सोडून आज दहा दिवस झाले. ह्या वेळचं सोडणं म्हणतोय.

तू आलास तेव्हा मी दार उघडलं आणि तू माझ्या अंगावरून आत गेलास, हवेतून गेल्यासारखा. ते मी धरूनच चाललो होतो. सहा दिवस एका खोलीत राहिलो आणि तू जे बोललास ते वहिनीमार्फत. "वहिनी, त्यांना सांगा, उशी उचला." तीन हातांवर मी उभा. मी उशी उचलायचो. तिला शेवटी हसू आवरेना. म्हणाली, "मला तारखात्याची नोकरी लागली." तूही तेव्हा हसलास, मी पाहिलं. मी हसलो नाही, तुझं थांबेल म्हणून.

पण तो चौथा दिवस मी विसरणार नाही. तू त्यांच्या खाटेवर बसलास आणि ठोकळा घेतलास. पूर्वीसारखा भराभर नाही. स्क्रू घातलेले कोपरे जपत, एकेक थर हळू. बाबा तुझ्या बोटांकडे बघत होते. सगळे रंग जागच्या जागी आले. लाल बाजूला तो एक कापडाचा चौकोन. तू तो त्यांच्या उजव्या हातात ठेवलास, बोटं मिटलीस आणि म्हणालास, "सुटलं, बाबा."

आणि ते म्हणाले, "सुटलं." पहिल्यांदाच प्रश्न न करता. तुझ्या लक्षात आलं का? मी दारात होतो. मला आत येऊन तुम्हा दोघांना मिठी मारायची होती. मी तिथेच राहिलो.

सहाव्या दिवशी ते गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "सुटले हो." ह्या वेळी मला राग आला नाही. चहा केला त्यांना. पण मला तो शब्द त्यांच्यासाठी अजून म्हणवत नाही. कारखान्यात काल काजांच्या मशीनमधला अडकलेला दोरा निघाला आणि सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं आणि दोरा खिशात घातला.

जाताना जिन्यात तू माझ्याशी जे एक वाक्य बोललास, ते रोज ऐकतो. "अकरा वर्षं मी त्यांना माफ करायचा प्रयत्न करत होतो, दादा. कशाबद्दल?" बाबांना जे नको होतं तेच झालं, भावाभावांत वितुष्ट आलं. त्यांनी ते अकरा वर्षं स्वतःच्या अंगावर थोपवून धरलं आणि मी एका पत्राने सोडून दिलं. तरी ते पत्र मी पुन्हा टाकेन. तू त्यांच्याजवळ सहा दिवस बसलास.

ठोकळा तू घेऊन गेलास, बरं केलंस. तो तुझाच. पण बाटली इथेच राहिली आहे. घरातल्या माझ्या टेबलावर, मशीनच्या तेलापासून जरा लांब. विसरलास की ठेवलीस, विचारत नाही. तिकडे दुकानात दुसरी मिळते हेही मला कळतं.

तीन थेंब काही जन्मभर पुरत नाहीत. पाच-सहा महिन्यांत तो पुन्हा कुरकुरेल, अडेल. तेव्हा ये. उघडायचं नाही, फटीतून तीन थेंब, जास्त नाही, माझ्या ध्यानात आहे. तू सांगशील तसंच घालीन. नाहीतर बाटली नुसती धरीन, तू घाल.

दादा